लोणारच्या पाण्यात मासा

लोणारच्या पाण्यात मासा नसतो, हे रिसोडकडच्या पोराला शाळेत जाण्याआधीच ठाऊक असतं. आम्हीही तेच ऐकत मोठे झालो. ते पाणी प्यायचं नाही, त्यात उतरायचं नाही, ते दैत्याचं रक्त आहे, त्यात काही जगत नाही. अलीकडे मात्र त्याच पाण्यात मासे दिसू लागल्याच्या बातम्या आल्या. काठावरच्या कमळजा देवीच्या देवळात पाणी शिरल्याच्याही आल्या. ओळखीतल्या पुष्कळांना पहिली बातमी आनंदाची वाटली. ‘सरोवर सुधरून राह्यलं, भाऊ,’ असं एकानं मला बसस्टँडवर थांबवून सांगितलं. मला मात्र ती वाचताना धस्स झालं होतं. त्या पाण्यात मासा तगत असेल, तर ते पाणी आता लोणारचं राहिलेलं नाही.

नकाशात लोणार बुलढाणा जिल्ह्यात आहे. पण आमच्या रिसोड तालुक्याची शीव लोणार तालुक्याला भिडलेली. सोयरिकी तिकडच्या, बाजारहाट तिकडचा, नवरात्रात कमळजेच्या दर्शनाला जाणारी माणसं इकडची. वाशीमहून रिसोडमार्गे निघालं की दीड-दोन तासांत माणूस विवराच्या काठावर उभा असतो. वाशीम जिल्ह्यातल्या शाळांच्या सहली पिढ्यान्‌पिढ्या तिथं जात आल्या आहेत. त्यामुळे तिथं जे बिघडतंय ते शेजारच्या जिल्ह्याचं प्रकरण आहे, असं म्हणून आम्हाला मोकळं होता येत नाही.

जागा काय आहे ते आधी नीट समजून घेतलं पाहिजे. सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचं, काठापासून तळापर्यंत दीडशे मीटरच्या घरात खोल असं हे विवर. ते दख्खनच्या काळ्या पाषाणात कोरलं गेलं आहे. १८२३ साली अलेक्झांडर नावाच्या ब्रिटिश अधिकाऱ्यानं त्याची नोंद केली. पुढे कितीतरी वर्षं ते ज्वालामुखीचं तोंड आहे असंच बहुतेकांना वाटत होतं. विसाव्या शतकात सत्तरच्या दशकात इथल्या खडकात अशी खनिजं सापडली की जी फक्त प्रचंड आघातानंच काचेसारखी होतात, आणि आकाशातून आदळलेल्या पाषाणानंच हा खड्डा पडला हे नक्की झालं. तो केव्हा पडला यावर अजून एकमत नाही. एका पद्धतीनं मोजलं तर पन्नास हजार वर्षांच्या आसपास, दुसऱ्या पद्धतीनं पाच लाखांहून अधिक. बेसाल्टमध्ये पडलेली अशी विवरं पृथ्वीवर फार थोडी आहेत. म्हणून चंद्राचा आणि मंगळाचा अभ्यास करणारे लोक लोणारचे दगड तपासतात.

पण विवर म्हणजे लोणार नव्हे. विवरं इतरत्रही आहेत. लोणारला लोणारपण दिलं ते तळाच्या पाण्यानं, आणि त्या पाण्याला ते दिलं खारानं.

या तळ्यातून एकही ओहोळ बाहेर पडत नाही. जमा-खर्चाच्या वहीसारखा त्याचा हिशेब आहे. जमेच्या बाजूला पाऊस, काठावरचे झरे, उतारावरून वाहून येणारं पाणी. खर्चाच्या बाजूला मुख्यतः एकच नाव, ऊन. पाणी येताना खडकातली झीज विरघळवून सोबत आणतं, आणि जाताना वाफ होऊन एकटंच जातं. क्षार मागे राहतात. हजारो वर्षं हे असं चाललं, म्हणून या पाण्याचा सामू, म्हणजे पीएच, दहाच्या आसपास गेला. आपल्या पिण्याच्या पाण्याचा तो सात-आठ असतो. या तीव्र पाण्यात माशानं जगायचं कसं? तिथं जगले ते दुसरेच जीव. पाण्याला हिरवा रंग देणारं स्पिरुलिना, खारातच वाढणारे सूक्ष्म जीव, आणि त्यांच्यावर गुजराण करणारे पक्षी. काही हिवाळ्यांत रोहित पक्षीही इथं उतरले आहेत. तज्ज्ञ या जीवांचा अभ्यास करायला येतात, कारण ते दुसरीकडे सहजासहजी मिळत नाहीत.

हे सगळं पुस्तकात वाचण्याआधी मला हाताला कळलं होतं. सहावी-सातवीत असताना गुरुजींचा डोळा चुकवून मी त्या पाण्यात बोटं बुडवली होती. अंगठा आणि तर्जनी एकमेकांवर घासली तर साबण लावल्यासारखी घसरली. हात वाऱ्यावर वाळला तेव्हा नखांच्या कडेला पांढरी भुकटी धरली होती. पुढे मोठेपणी ऐन मे महिन्यात उतरलो, तेव्हा पाणी बरंच मागे सरलं होतं. उघड्या पडलेल्या काळ्या चिखलावर पांढरी पापडी पसरली होती, भाकरीला वरून सुटणाऱ्या पापुद्र्यासारखी. टाच टेकली की ती करकरत मोडायची आणि खालून कुबट वासाचा ओला चिखल वर यायचा. पापडीचा एक तुकडा उचलून उन्हात धरला तर आत बारीक सुयांसारखे स्फटिक दिसत होते. ती पापडी हेच लोणारचं धन. शेकडो वर्षं माणसं तिथं उतरत होती ती याच धनासाठी.

आज सहलीला जाणाऱ्याला हे कोणी सांगत नाही. गाइड उल्का सांगतो, दैत्य सांगतो, देवळांची संख्या सांगतो. मीठ कोणी सांगत नाही. अकबराच्या काळच्या ‘आईन-ए-अकबरी’त मेहकर भागाच्या वर्णनात इथं काच आणि साबण करायला लागणारी द्रव्यं मिळतात आणि त्यातून सरकारला उत्पन्न होतं, असा उल्लेख आहे. इंग्रजांच्या काळात भूगर्भशास्त्रज्ञांनी या क्षारांचं पृथक्करण केलं. त्याआधीपासून स्थानिक लोकांनी त्यांची वर्गवारी लावून ठेवली होतीच: दल्ला, निमक दल्ला, खुप्पल, पापडी, भुस्की. प्रत्येकाचा दाणा वेगळा, गुण वेगळा, उपयोग वेगळा. साबणाला एक, रंगाऱ्याला दुसरा, पापडाच्या पिठाला तिसरा. कुठल्या महिन्यात काठाच्या कोणत्या बाजूला काय धरतं हे ज्याला कळत होतं, त्याला तळ्याची तब्येत न सांगता कळत होती. पाणी बदललं तर पहिली खबर त्यालाच लागली असती.

तो माणूस आता तिथं नाही. कारखान्याचा सोडा स्वस्त झाला, पापडखार पुडीत मिळू लागला, आणि हा धंदा संपला. पुढे तळं संरक्षित झालं, २००० साली अभयारण्य झालं, आणि तिथून काही उचलणं हाच गुन्हा ठरला. ते योग्यच झालं. खार खणायला पुन्हा परवानगी द्या, असं मी म्हणत नाही. पण तळ्यावर रोज नजर ठेवणारी, तळ्याच्या बऱ्या-वाईटाशी जिचं पोट बांधलेलं होतं अशी माणसं काठावरून गेली, आणि त्यांच्या जागी दुसरं कोणी आलं नाही. वनखात्याचा पहारेकरी माणसांवर लक्ष ठेवतो. पाण्यावर लक्ष कोण ठेवतो?

इथं मला दक्षिण अमेरिकेतल्या एका जागेची आठवण येते. पेरू देशात अँडीज पर्वतात, इंका साम्राज्याची राजधानी असलेल्या कुस्कोजवळ मारास नावाचं गाव आहे. डोंगराच्या पोटातून खाऱ्या पाण्याचा एक झरा निघतो आणि ते पाणी पाटापाटांनी उतारावरच्या तीन हजारांहून अधिक लहान-लहान खाचरांत फिरवलं जातं. खाचर कसलं, आपल्याकडच्या भाताच्या वाफ्याएवढंच, जेमतेम वीतभर खोल. कोरड्या महिन्यांत पाणी उडून जातं, मीठ उरतं, ते खरवडून थरांप्रमाणे वेगळं केलं जातं. हे काम इंकांच्याही आधीपासून चालत आलं आहे असं मानतात. आजही खाचरं गावातल्या कुटुंबांच्या मालकीची आहेत, आणि कोणाच्या वाफ्यात किती वेळ पाणी सोडायचं हे आपसांत ठरतं. इंकांचं माचू पिचू हे प्राचीन नगर बघायला जगभरातून जाणारी माणसं वाटेत इथंही थांबतात. काही वर्षं त्यांना खाचरांच्या बांधांवरून फिरू देत असत. बुटांची माती, कचरा, खाण्याचे तुकडे मिठात पडू लागले. २०१९ साली गावकऱ्यांच्या संस्थेनं ते फिरणं बंद केलं. आता बघायचं ते वरच्या सज्ज्यावरून.

हा निर्णय त्यांना सहज घेता आला, याचं कारण मला महत्त्वाचं वाटतं. पाहुणा जे घाण करत होता ते त्यांचं मीठ होतं, उद्या पोत्यात भरून विकायचं. नुकसान कोणाचं हा प्रश्नच तिथं उठला नाही. ज्याचं नुकसान, त्यानंच दार लावलं. आपल्याकडे लोणारमध्ये नुकसान नक्की कोणाचं होतं, हे सांगता येणारा माणूस नाही. वनखातं, पुरातत्त्व खातं, महसूल, नगरपालिका, पर्यटन हे सगळे तिथं आहेत, आणि प्रत्येकाच्या हाती तळ्याचा एकेक तुकडा आहे. पाण्यातला खार त्यांपैकी कोणाच्याच वहीत लिहिलेला नाही.

म्हणून पाच-सहा वर्षांत एकाच तळ्याबद्दल दोन उलट्या बातम्या आल्या आणि दोन्ही वेळा आपण नुसतं बघत राहिलो. २०२०च्या जूनमध्ये पाणी गुलाबी झालं. फोटो जगभर फिरले. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं दखल घेतली, पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेनं नमुने तपासले. पाणी कमी झालं, खार वाढला, आणि खारात फोफावणाऱ्या, अंगात लाल रंगद्रव्य असलेल्या सूक्ष्म जीवांनी पाणी रंगवलं, असा उलगडा झाला. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात लोणारला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला. नाशिक जिल्ह्यातल्या नांदूर-मध्यमेश्वरनंतर महाराष्ट्रातलं ते दुसरं. आणि आता उलटं. पाणी चढतंय, खार पातळ होतोय, मासे दिसतायत.

दोन्ही वेळा वहीच बिघडली होती. पहिल्यांदा जमा कमी पडली, दुसऱ्यांदा जास्त झाली. इतका छोटा, इतका बंद हिशेब फार नाजूक असतो. गोड्या पाण्याचं मोठं तळं एखाद्या वर्षी भरून वाहिलं तर पुढच्या वर्षी जागेवर येतं. लोणारला वाहून जायला वाटच नाही. जे आलं ते राहतं. सांडपाणी आलं तर सांडपाणी राहतं, खतं-औषधं आली तर तीही राहतात, गोडं पाणी आलं तर खार पातळ करून राहतं.

हे बाहेरचं पाणी येतं कुठून, याची निदान काही उत्तरं तरी आपल्याला ठाऊक आहेत. गाव विवराच्या अगदी काठावर वसलं आहे. गावाचं सांडपाणी तळ्याकडे उतरतं ही तक्रार नवी नाही. या तळ्यासाठी न्यायालयात गेलेल्या माणसांना कित्येक वर्षं हेच पुन्हापुन्हा सांगावं लागलं. विवराच्या आतल्या उतारावर एके काळी शेतीही होत असे, केळी-पपईच्या बागांसकट. काठावर गोमुखाची धार आहे, सीतान्हाणी आहे, रामगयेचा झरा आहे. धारेवर भाविक अंघोळ करतात. साबणाच्या वड्यांचे कागद, शाम्पूच्या पुड्या, वाहून टाकलेले कपडे तिथंच पडतात, आणि धार खाली तळ्याकडेच जाते. गेल्या काही वर्षांतल्या जोरदार पावसाचा यात वाटा असेलच. पण पाऊस आपल्या हातात नाही म्हणून जे हातात आहे त्याकडेही बघायचं नाही, असं कसं चालेल?

कमळजेच्या देवळाजवळ काठाला एक विहीर आहे. सासू-सुनेची विहीर म्हणतात तिला. एका अंगाला पाणी गोड, दुसऱ्या अंगाला खारट, अशी ख्याती. जुन्या बाया ती गोष्ट हसत-हसत सांगतात, आणि कोणत्या बाजूची सासू यावरून दर वेळी थोडा वाद होतो. मला त्या विहिरीत लोणारची सगळी रचना दिसते. एका बाजूनं झऱ्याचं गोडं पाणी रेटतंय, दुसऱ्या बाजूनं तळ्याचं खारं पाणी रेटतंय, आणि दोघांमध्ये एक रेघ कशीबशी टिकून आहे. ही रेघ तुटली की गोष्ट नुसती सांगायला उरते. तळ्याचं पाणी चढलं की पहिल्यांदा बुडते ती ही विहीरच.

आता पुढे जे येणार आहे त्याची मला अधिक काळजी वाटते. समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी टप्पा २०२२च्या डिसेंबरात सुरू झाला आणि २०२५च्या जूनमध्ये मुंबईपर्यंतचा ७०१ किलोमीटरचा रस्ता पुरा झाला. तो आमच्या जिल्ह्यातल्या कारंजा, मंगरुळपीर, मालेगाव या तालुक्यांतून जातो आणि पुढे मेहकरजवळून. मेहकरला उतरलं की लोणार हाकेच्या अंतरावर. जिथं यायला मुंबईच्या माणसाला एक रात्र लागायची तिथं तो आता सकाळी निघून दुपारी पोचतो. राज्य सरकारनं लोणारसाठी ३०० कोटींहून मोठा विकास आराखडाही मंजूर केला आहे. हे व्हावं असं आम्हीच मागत होतो. वऱ्हाडातल्या या कोपऱ्यात रोजगार नाही, पोरं पुण्याला कंपन्यांत जातात, आणि दाराशी जगातलं एक आश्चर्य पडून आहे, ही खंत माझीही आहे. चार खोल्यांचं लॉज चालावं, पोह्याची गाडी चालावी, गावातल्या पोरानं इंग्रजीत गाइडगिरी करावी, हे सगळं मला हवं आहे.

पण आराखड्याच्या कागदावर ‘सुशोभीकरण’ हा शब्द आला की माझ्या पोटात गोळा येतो. आमच्याकडे त्याचा अर्थ सिमेंट, पेव्हर ब्लॉक, रंगीत दिवे, कठडे आणि उद्घाटनाचा फलक. बंद तळ्याच्या उतारावर पसरलेला प्रत्येक चौरस फूट सिमेंट हा पाण्याची वाट बदलतो. मुरणारं पाणी वाहू लागतं, आणि वाहणारं पाणी एकाच दिशेला जातं, खाली. वरच्या गावात हॉटेलं वाढली तर त्यांचं सांडपाणीही वाढणार. आजचीच गटारं ज्या व्यवस्थेला नीट वळवता आली नाहीत, तिला उद्याची वळवता येतील यावर विश्वास कसा ठेवायचा? कामाचा क्रम उलटा झाला तर ज्या पाण्यासाठी माणसं येणार, ते पाणीच त्यांच्या येण्यानं संपेल. पेरूत मारासच्या जवळच, चिंचेरो इथं मोठ्या विमानतळाचं काम निघालं तेव्हा जगभरातल्या पुरातत्त्वज्ञांनी विरोध केला होता, तो याच भीतीनं. जागा किती माणसं पेलू शकते हे मोजण्याआधी किती माणसं आणता येतील हे ठरवलं जातं.

आणि जे मोडतं ते पुन्हा जुळत नाही. माचू पिचूला इंतिवाताना नावाचा एक कोरीव पाषाण आहे, सूर्याच्या गतीशी जोडलेला, इंकांनी पवित्र मानलेला. स्पॅनिश लोकांच्या तडाख्यातून वाचला. २००० साली तिथं एका बिअरच्या जाहिरातीचं चित्रीकरण चाललं होतं. क्रेन कलंडली आणि पाषाणाची एक कड उडाली. शतकानुशतकं जे टिकलं त्याला एका दुपारचं चित्रीकरण पुरलं. लोणारच्या काठाला यादवकालीन आणि त्याच्या आगेमागची लहान-मोठी देवळं आहेत. वाघ महादेव, मोर महादेव, अंबरखाना, रामगया. गावात दैत्यसूदनाचं मोठं देऊळ आहे. गावातलं देऊळ बरं राखलं गेलं. खाली उतारावरच्या देवळांत मात्र वडा-पिंपळाची मुळं दगडांच्या सांध्यांत शिरली आहेत, आणि कोरीव खांबांवर कोळशानं, खडूनं नावं लिहिली आहेत, टोकदार दगडानं कोरली आहेत. बाणाच्या बदामात कोरलेली ती नावं वाचताना मला त्या पोरांचा राग येत नाही. आपण कशावर कोरतोय हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. सहलीला त्यांच्यासोबत आलेले मास्तर बसमध्ये झोपले होते.

याच पोरांना, आणि मोठ्यांनाही, अजून एक सवय आहे. विवरातला दगड ‘उल्केचा तुकडा’ म्हणून खिशात घालायचा. आदळलेला पाषाण त्या क्षणीच बहुतांशी वितळून, वाफ होऊन गेला. खिशात जातो तो आपल्याच भुईचा, आघातानं भाजलेला दगड. एकेक दगड काही नाही, पण समृद्धीवरून येणाऱ्या गाड्या मोजून बघा.

मी हे सगळं वाशीमहून लिहितोय याला कारण आहे. आमचं गाव म्हणजे प्राचीन वत्सगुल्म. वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. अजिंठ्याची सर्वात सुंदर लेणी ज्या हरिषेणाच्या काळात कोरली गेली त्याचं हे नगर. त्याच्या वराहदेव नावाच्या मंत्र्याचा लेख अजिंठ्याच्या १६ क्रमांकाच्या लेण्यात आजही आहे. या शाखेचा संस्थापक सर्वसेन स्वतः प्राकृत कवी होता. संस्कृत कवी राजशेखरानं ‘काव्यमीमांसे’त काव्यपुरुषाचं लग्न लावलं ते याच वत्सगुल्मात. वाकाटकांच्या ताम्रपटांत दान दिलेल्या गावाला ज्या सवलती लिहिलेल्या असत त्यांत मिठावरच्या राजाच्या हक्कातून सूटही असे, म्हणजे तेव्हाच्या राजालाही मीठ ही मोजण्याजोगी गोष्ट वाटत होती. आणि आज वाशीमला येणाऱ्याला या राजधानीचं काय दाखवायचं? पद्मतीर्थ दाखवतो, बालाजीचं देऊळ दाखवतो, ते तर नागपूरकर भोसल्यांच्या काळातलं. १०८ तीर्थं होती अशी परंपरा सांगतो. त्यातली किती पाण्यानं भरलेली आहेत, किती कचऱ्यानं, किती घरांखाली गेली, हे गल्लीतल्या माणसालाही सांगता येत नाही. कोणी शत्रू येऊन हे पाडलं नाही. आम्ही आमच्या पिढ्यांत थोडंथोडं बुजवत गेलो, प्रत्येक वेळी काही तरी चांगलं कारण काढून. कधी रस्ता रुंद करायला, कधी नाली काढायला, कधी सभामंडप बांधायला. लोणारच्या वाटेवर उभं राहिलं की मला वाशीमची ही गोष्ट आठवते, कारण तिथं आज जे चाललंय ते इथं आधी होऊन गेलं आहे.

मिठाचं आणि या जिल्ह्याचं नातं दुसऱ्या बाजूनंही आहे. मानोरा तालुक्यातली पोहरादेवी ही बंजारा समाजाची काशी. याच समाजाला लमाणही म्हणतात, आणि हा शब्द ‘लवण’ म्हणजे मीठ यावरून आला असं अनेक अभ्यासक मानतात. बैलांच्या पाठीवर मिठाच्या गोण्या लादून हा समाज देशभर फिरला. २०२४च्या ऑक्टोबरात पोहरादेवीला बंजारा विरासत संग्रहालय उभं राहिलं, हे फार चांगलं झालं. अकोल्याकडच्या खारपाणपट्ट्यात, दहीहंड्याला, १९३० साली विहिरीच्या खाऱ्या पाण्यापासून मीठ करून लोकांनी कायदा मोडला, कारण वऱ्हाडाला समुद्र नव्हता. म्हणजे मीठ वाहणाऱ्यांची आठवण आपण जपली, मिठासाठी लढणाऱ्यांचीही जपली. ज्या तळ्यानं न मागता हजारो वर्षं खार दिला त्याच्या मिठाची ना कुठे काचेची बरणी ठेवली आहे, ना दल्ला आणि खुप्पल यांतला फरक दाखवणारा एखादा फलक.

करायचं काय, यावर मी तज्ज्ञ नाही. पण काही गोष्टींना तज्ज्ञ लागत नाही. गावाचं सांडपाणी पूर्ण वळल्याशिवाय विवराच्या काठावर एकही नवं बांधकाम करू नये. खाली उतरणाऱ्यांची रोजची संख्या ठरवावी आणि ठरलेल्या वाटेनंच उतरू द्यावं. माचू पिचूला हे वेळेच्या तिकिटानं करतात आणि तरीही लोक जातातच. बाकीच्यांनी काठावरून बघावं. वरून दिसतं ते काही कमी नाही, उलट विवराचा गोल घेर कळतो तो वरूनच. धारेवर साबण बंद व्हावा. आणि सर्वात आधी, पाणी मोजावं. दर आठवड्याला पातळी, सामू आणि क्षार, आणि ते आकडे लोणारच्या बसस्थानकावर, पर्यटन निवासाच्या दारात, प्रवेशाच्या खिडकीवर मोठ्या अक्षरांत लिहावेत. शेतकरी कापसाचा भाव जसा बघतो तसा लोकांनी तो आकडा बघावा. त्यातून एक पिढी तयार होईल जिला खार उतरला तर कळेल, जसं त्या जुन्या दल्ला वेचणाऱ्यांना कळायचं. रिसोड, मेहकर, लोणारच्या शाळांनी सहलीला जाताना सामूपट्टी बरोबर न्यावी. पट्टी पाण्यात बुडवून रंग बघायला एक मिनिट लागतं, आणि तो रंग त्या मुलाला आयुष्यभर आठवतो.

मागच्या खेपेला मी पुतणीला घेऊन गेलो होतो. नववीत आहे. तिला सासू-सुनेची विहीर बघायची होती, मी लहानपणी सांगितली होती म्हणून. देवळाकडे जाणाऱ्या वाटेवर फुलं-नारळ घेऊन एक म्हातारी बसली होती. तिला विचारलं, ‘मावशी, विहीर कुठी हाये?’ तिनं मान वर न करता बोटानं दाखवलं, तळ्याच्या दिशेनं, काठापासून बऱ्याच आत. तिथं सपाट हिरवं पाणी होतं. पुतणी थोडा वेळ त्या पाण्याकडे बघत राहिली, मग तिनं विचारलं, ‘काका, मग आता दोन्हीकडचं पाणी सारखंच झालं असेल का?’